रामोजीची पेटी: आकाशाच्या कडेचा पिवळा पट्टा सापडला

रामोजी फिल्म सिटीच्या सहलीच्या जुन्या निगेटिव्ह कॅमेऱ्याने फोटो काढून स्कॅन करताना आकाशाच्या कडेला पिवळा पट्टा येत होता. त्या पट्ट्याचा छडा लागला. निगेटिव्ह निर्दोष, लेन्स निर्दोष, आणि मागच्या नोंदीपासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असलेलं, फिल्मला खालून उजेड देणारं एलईडी पॅनेलही निर्दोष. उजेड फिल्मच्या कडेच्या भोकांमधून थेट लेन्समध्ये शिरत होता. भोकं झाकली, आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरचं (फिल्म सिटीतला एक सेट) आकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं निळं आलं. काम मात्र संपलेलं नाही. मोठा पट्टा गेल्यावर त्याच्याखाली लपलेला दुसरा, बारीक पट्टा दिसायला लागला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी जोडणी थोडक्यात: २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, एक्स्टेन्शन ट्यूबवर (लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे नेणारी पोकळ नळी) ५० मिमीची एन्लार्जर लेन्स (निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राची), जुन्या एन्लार्जरच्या खांबाचा स्टँड, ९५ च्या वरच्या सीआरआयचं (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) पॅनेल आणि फिल्म धरणारा बिनकाचेचा होल्डर. ३६ मिमी लांबीवर ६००० पिक्सेल, म्हणजे इंचाला सुमारे ४२०० ठिपके. अ‍ॅपर्चर एफ ५.६ वरच ठेवायचं. एवढ्या जवळून एफ ८ चं प्रत्यक्षात एफ १३ होतं आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) फिल्मचा ग्रेन, म्हणजे दाणा, मऊ पडतो. उलट ५.६ ला फोकसची खोली जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर मिळते, म्हणून फिल्मची पट्टी सपाट बसलीच पाहिजे. पेटीतले रोल रामोजी फिल्म सिटीच्या सहलीचे, बहुतेक कोडॅक गोल्ड १००. (फाळक्यांनी १९१३ मध्ये आपला कारखाना दादरहून नाशिकला आणला, आणि नाशिककर स्टुडिओ बघायला हैदराबादेला जातात. असो.)

हा पट्टा एवढे दिवस फसवत राहिला त्याला कारण आहे. फ्रेमच्या दोन्ही लांब कडांना भोकांच्या रांगा असतात. आडव्या फोटोत वरची रांग आकाशाला लागून आणि खालची जमिनीला. आकाश मुळातच माथ्याकडे गडद होत जातं, त्यामुळे वरचा गडद पट्टा खराच वाटतो, आणि जमिनीकडे तर तो दिसतच नाही. भांडं फुटलं उभ्या फ्रेममुळे. फिल्म सिटीतल्या हवामहलच्या उभ्या फोटोत आकाश डावीकडे आणि उजवीकडे मळकट पिवळं, मध्ये स्वच्छ. असं आकाश हैदराबादेतही नसतं.

दोष कुठला, हे ठरवायची पहिली चाचणी फुकटची आहे. पट्टी होल्डरमध्ये १८० अंशांत फिरवून तीच फ्रेम पुन्हा घ्या आणि दोन्ही रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) शेजारी ठेवा. दोष फिल्मबरोबर फिरला, तर तो मूळ कॅमेऱ्याचा किंवा डेव्हलपिंगचा. जागेवर राहिला, तर पॅनेलचा किंवा लेन्सचा. इथे दोन्ही कडांना सारखाच पट्टा असल्यामुळे फिरवूनही काही कळेना. मग फिल्म भोकांच्या अर्ध्या अंतराने, म्हणजे २.४ मिमीने सरकवली. पट्ट्यात अगदी पुसट लाटा होत्या, त्या फिल्मबरोबर सरकल्या. दोन लाटांमधलं अंतर ४.७५ मिमी, म्हणजे नेमकं दोन भोकांमधलं. तिथेच संशय पक्का झाला. खात्रीसाठी एका बाजूच्या भोकांवर काळी इन्सुलेशन टेप लावली (होल्डरला, फिल्मला कधीच नाही) आणि त्या बाजूचा पट्टा नाहीसा झाला.

आता पिवळाच का, आणि आकाशातच का? निगेटिव्हमध्ये आकाश हा सर्वांत दाट भाग. त्यात फिल्मचा नारिंगी बेस, म्हणजे पाया, जो निळा उजेड सर्वांत जास्त अडवतो. उदाहरणादाखल धरा, दाट आकाशातून निळ्या चॅनेलमध्ये फक्त १ टक्का उजेड पार होतो. भोकातून येतो पूर्ण १०० टक्के, पांढरा. त्यातला ०.२ टक्का जरी लेन्समध्ये आणि ट्यूबमध्ये इकडेतिकडे उसळून आकाशावर पडला, तर १ चे १.२ झाले. डेन्सिटीच्या (फिल्म उजेड किती अडवते त्याच्या मापाच्या) भाषेत ०.०८ चा फरक. कलर निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट साधारण ०.६ असतो, म्हणून इन्व्हर्ट करताना, म्हणजे निगेटिव्ह उलटवून खरं चित्र बनवताना, तोच फरक फुगून जवळजवळ अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) होतो, आणि तोही मुख्यतः निळ्यात. निळा कमी म्हणजे चित्र पिवळं. सावलीचा भाग निगेटिव्हमध्ये विरळ असतो. तिथून १२ टक्के उजेड येत असेल, तर त्यात ०.२ कुणाच्या खिजगणतीत नाही. म्हणूनच इनडोअर शोच्या फ्रेम सगळ्या साफ होत्या आणि बसच्या टपावरून घेतलेल्या सगळ्या डागाळलेल्या.

फ्लॅट-फील्ड का चाललं नाही, तेही यातच आलं. रिकाम्या पॅनेलचा फोटो घेऊन रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये त्याने भागायचं, हा उपाय पॅनेलच्या असमान उजेडाला आणि लेन्सच्या काळवंडलेल्या कोपऱ्यांना रामबाण. कारण ते दोष गुणाकाराचे. भोकातला उजेड ही बेरीज आहे, आणि बेरीज भागाकाराने जात नाही. उजेड न लागलेल्या कोऱ्या फिल्मची फ्रेम फ्लॅट-फील्ड म्हणून वापरा, असा सल्ला बरेच जण देतात. तो इथे अर्धवटच लागू पडतो. कोरी फिल्म विरळ असल्यामुळे त्यावर हा उजेड जवळपास दिसत नाही, आणि जो दिसतो तेवढ्यानेच दाट आकाश दुरुस्त होत नाही. फ्लॅट-फील्ड ठेवाच, पण तो मास्कनंतर. मास्क म्हणजे भोकं झाकून फक्त फ्रेम उघडी ठेवणारी खिडकी.

मास्कची मापं वहीत लिहून ठेवण्यासारखी आहेत. फिल्मची रुंदी ३५ मिमी. भोक काठापासून २ मिमीवर सुरू होतं आणि २.८ मिमी रुंद असतं. म्हणजे दोन रांगांच्या आतल्या काठांमध्ये २५.४ मिमी उरतात. फ्रेमची उंची २४. त्यामुळे खिडकी २५ × ३७ मिमी: उंचीत दोन्हीकडे भोकापासून ०.२ मिमीची सोय, आणि लांबीत दोन फ्रेममधल्या कोऱ्या बेसची अर्धा-अर्धा मिमी कड दिसत राहते. ती कड हवीच. व्हाइट बॅलन्सचा नमुना तिथूनच घ्यायचा असतो.

आता दुसरा पट्टा. अंबडला (नाशिकची औद्योगिक वसाहत) ३ मिमी काळ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये खिडकी लेझरने कापून मिळाली. माप तंतोतंत, तक्रारीला जागा नाही. पण लेझर अ‍ॅक्रिलिक वितळवत कापतो, त्यामुळे कापलेली भिंत आरशासारखी गुळगुळीत निघते. तिरपा उजेड या ३ मिमी उंच चकचकीत भिंतीवर आपटून फ्रेमच्या कडेवर येतो. मोठा पट्टा ४-५ मिमी आत पसरायचा. हा दीड मिमीतच संपतो, आणि तो चारही बाजूंना असतो. ओळखायची खूण हीच.

पहिला बेत होता भिंती कानशीने ४५ अंशांत तासून वर मॅट काळा पोस्टर कलर द्यायचा. एक बाजू तासल्यावर फरक पडलाही, पण लिहिता लिहिता त्याहून सोपं सुचतंय: अ‍ॅक्रिलिकने खिडकी व्हायचंच कशाला? अ‍ॅक्रिलिकमध्ये ३१ × ४३ चं मोठं भोक ठेवायचं आणि त्यावर पातळ काळ्या कागदाची खरी २५ × ३७ ची खिडकी चिकटवायची. भिंती ३ मिमी मागे सरकल्या की लेन्सला त्या दिसणारच नाहीत. कागद फिल्मच्या लगेच खाली, फक्त भोकांच्या पट्टीला टेकलेला, म्हणजे चित्राला ओरखडा नाही. शिवाय मास्क फिल्मपासून जितका दूर, तितका तिरपा उजेड त्याच्या काठाखालून भोकांकडे जातो. कागदाने तीही वाट बंद होते.

कागद घेताना दुकानात कोपरा फाडून बघा. फोटोफ्रेमवाल्यांकडचा माउंट बोर्ड वरून काळा आणि पोटात पांढरा असतो, आणि ती पांढरी कड चकचकीत अ‍ॅक्रिलिकपेक्षा वाईट. आरपार काळा कार्डपेपर मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत मागितला की मिळतो. काठ मार्करने रंगवू नका, बऱ्याच मार्करची शाई सुकल्यावर जांभळट चमकते. ऑनलाइन मिळणाऱ्या तयार स्कॅनिंग किटबद्दल पुन्हा एकदा: किंमत भरमसाट, आणि बऱ्याच होल्डरमध्ये भोकं मुद्दाम उघडी ठेवलेली. भोकांसकट स्कॅन झकास दिसतो, त्याचा शौक असणाऱ्यांचं ठीक आहे. आकाशाची वाट लागते.

फरक डोळ्यांनी ठरवू नका. काळ्या ठिपक्याची चाचणी करा. काळ्या कागदाचे दोन थर, मध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइल, असा ५ मिमीचा गोल कापा. फॉइल नसेल तर कागदातून उजेड झिरपतो आणि आकडा फसतो. हा गोल होल्डरमध्ये एकदा खिडकीच्या मध्यभागी आणि एकदा लांब कडेजवळ ठेवून, रोजचंच एक्स्पोजर देऊन रॉ फोटो घ्या. ब्लॅक लेव्हल (उजेड नसतानाही सेन्सर दाखवतो तो आकडा) वजा करून ठिपक्याच्या आतलं मूल्य भागिले बाहेरच्या उजेडाचं मूल्य, तोच तुमचा उसळता उजेड. ०.१ टक्क्याखाली आला तर आकाशाची काळजी मिटली. कडेजवळ जास्त आणि मध्ये कमी असेल तर दोष मास्कचा. दोन्हीकडे सारखाच जास्त असेल तर दोष ट्यूबचा. लेन्स काढून ट्यूबमधून पॅनेलकडे बघा, आतली कडी लखलखताना दिसेल. तिला मागून चिकटणारा काळा मखमली कागद लावायचा. धागे सुटणारं कापड नको, सेन्सरवर धुळीचा सडा पडतो.

या सगळ्यात स्टुडिओच्या टूरचे फोटो किती सोयीचे, हे लक्षात आलं. प्रत्येक जण त्याच सेटसमोर, त्याच जागी उभा राहतो. माणसं बदलतात, मागची फिकट रंगाची दर्शनी भिंत तीच. एका फ्रेममध्ये ती मध्यभागी, पुढच्या फ्रेममध्ये कडेला. फिकट भिंत निगेटिव्हमध्ये आकाशासारखीच दाट, आणि तिचा रंग दोन मिनिटांत बदलत नाही. म्हणजे तयार टेस्ट चार्टच. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स रोलभर बांधून ठेवा आणि दोन फ्रेममधल्या त्याच भिंतीचे आकडे ताडून बघा. ऑटो इन्व्हर्ट मात्र बंद. ते प्रत्येक फ्रेम वेगळी सावरतं आणि तुलनेचा बोऱ्या वाजतो.

मास्कमुळे एक नुकसान झालं: कडेवरचे फ्रेम नंबर आणि फिल्मचं नाव झाकलं गेलं. क्रम लावायला ते लागतातच. त्यामुळे आता प्रत्येक पट्टी आधी उघड्या पॅनेलवर ठेवून मोबाइलने पूर्ण कडांसकट एक फोटो, त्यावर पट्टीचा क्रमांक, आणि मग होल्डर. पॅनेलच्या रेषा मोबाइलमध्ये आल्या तर पॅनेल पूर्ण उजेडावर ठेवा. कमी उजेडाला बरीच पॅनेल उघडझाप करतात. त्याच कारणाने कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर वेग १/८ किंवा त्याहून मंद. एवढ्या मंद वेगाला हादऱ्याने फोटो हलतो, म्हणून खाली ट्रक जाताना मात्र थांबायचं.

इनडोअर शोच्या फ्रेमचं पुढचं ठरलंय. दिवसाच्या उजेडासाठीची डेलाइट फिल्म, टंगस्टनचे पिवळसर दिवे, त्यामुळे निळा थर मुळातच भुकेला आणि इन्व्हर्ट केल्यावर निळ्यात नॉइज. लग्नाच्या लायटिंगवाल्यांकडे सीटीबी जेल (उजेड निळसर करणारा प्लास्टिकचा पारदर्शक कागद) मिळते. फुल सीटीबीचा तुकडा पॅनेल आणि मास्कच्या मध्ये ठेवायचा. दीड स्टॉप उजेड खाते, पण लाल-हिरवे चॅनेल लवकर भरत नाहीत आणि निळ्याला जास्त वेळ देता येतो. भोकांचा पट्टा याने जाणार नाही, कारण भोकातूनही तोच निळसर उजेड येतो. फिल्मवरच जे नोंदलं गेलं नाही, तेही परत येणार नाही. नॉइज फक्त कॅमेऱ्याचा कमी होईल.

जेलच्या आधी बुरशीच्या पट्ट्या. पावसाळ्यात चिकट पीव्हीसी अल्बममध्ये राहिलेल्या पट्ट्यांवर जाळी धरलीय. बुरशी फिल्मवरच्या थरातलं जिलेटिन खाते आणि ते पाण्यात विरघळायला लागतं, म्हणून डिस्टिल्ड पाणीसुद्धा नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ पॅड, एकाच दिशेने, आधी लीडरच्या (रोलच्या सुरुवातीचा, चित्र नसलेला तुकडा) टोकावर चाचणी. मग पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्ह आणि डब्यात सिलिका जेल. हे जूनच्या आत उरकायचं. त्यामुळे कागदी खिडकी तयार होताच पहिल्यांदा याच पट्ट्या स्कॅनला जातील, प्रिन्सेस स्ट्रीटच्या उरलेल्या फ्रेम नंतर.