आरपी सर्व्हरचे पॅनेल आणि त्यातली बटणे

फाइव्हएमवर रोलप्ले (आरपी) सर्व्हर, म्हणजे पात्रे घेऊन खेळायचा ऑनलाइन सर्व्हर, चालवायला निघालेल्या मुलांना वेब पॅनेल, म्हणजे सर्व्हर सांभाळायचे ब्राउझरमधले पान, म्हटले की आलेख, लाल-हिरवे दिवे आणि रिस्टार्टचे बटण एवढेच आठवते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून आम्ही काही मित्र जो लहानसा सर्व्हर सांभाळतो, त्यावरून माझे मत मात्र असे झाले आहे की पॅनेल बसवायला एक संध्याकाळ पुरते, पण त्यातले कोणते बटण कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवायला बराच विचार लागतो. यवतमाळ, दिग्रस, कारंजा, पुसद अशा ठिकाणची मुले आमच्याकडे खेळायला येतात आणि त्यांतले बरेच जण एकमेकांना प्रत्यक्ष ओळखतात, त्यामुळे हा विचार आम्हाला टाळता येण्यासारखा नव्हता.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा खेळ २०१३ साली आला आणि संगणकावर २०१५ मध्ये उपलब्ध झाला. त्यावर स्वतःच्या नियमांचा स्वतंत्र सर्व्हर चालवण्याची सोय फाइव्हएम देते, आणि ती बनवणारा सीएफएक्स हा गट ऑगस्ट २०२३ मध्ये रॉकस्टार कंपनीत सामील झाला. खेळाडूकडे मूळ खेळ विकत घेतलेला असावा लागतो. सर्व्हरचे पॅनेल म्हणजे टीएक्सअ‍ॅडमिन. ते सर्व्हरच्या फाईलींसोबतच येते, वेगळे उतरवावे लागत नाही.

सर्व्हर घरच्याच संगणकावर ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. आमच्या भागात तो दोन कारणांनी मोडतो. पहिले कारण लाईनचे. इन्व्हर्टर असला तरी पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहता येत नाही. दुसरे कारण लवकर लक्षात येत नाही. घरगुती इंटरनेट जोडणीला बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, अनेक ग्राहक मिळून एकच पत्ता वापरतात, आणि मग राऊटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरचा खेळाडू तुमच्यापर्यंत पोचत नाही. राऊटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अशा सामायिक पत्त्याच्या, मागे आहात असे समजावे आणि सरळ मुंबईतल्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घ्यावा. तो घेताना कोअर किती आहेत यापेक्षा एकेका कोअरचा वेग किती आहे हे पाहावे, कारण खेळाचे मुख्य काम बहुतांशी एकाच थ्रेडवर चालते.

बसवण्याचा भाग सोपा आहे. लिनक्सवर रूट (सर्वाधिकारी युजर) सोडून वेगळा युजर करावा, त्याच्या फोल्डरमध्ये सर्व्हरचे आर्टिफॅक्ट (तयार फाईली) उतरवून उघडावेत आणि सोबतची रन स्क्रिप्ट चालवावी. टर्मिनलमध्ये एक पिन दिसतो. ब्राउझरमध्ये ४०१२० या पोर्टवर पॅनेल उघडून तो भरला की तुमचे सीएफएक्स खाते जोडले जाते आणि तुम्ही त्या सर्व्हरचे मास्टर अ‍ॅडमिन होता. याच वेळी एक राखीव (बॅकअप) पासवर्ड मागितला जातो, तो घाईत काहीतरी टाकून मोकळे होऊ नये. पुढे रेसिपी, म्हणजे मांडणीची तयार कृती, निवडायची असते. क्यूबीकोअर किंवा ईएसएक्स यांपैकी जी चौकट (तयार स्क्रिप्टचा पाया) हवी तिची रेसिपी घेतली की पॅनेल स्वतःच फाईली आणते आणि डेटाबेस उभा करते. त्यासाठी मारियाडीबी हा डेटाबेस आधीपासून चालू असावा लागतो आणि सीएफएक्सच्या संकेतस्थळावरून मोफत मिळणारी परवाना-किल्ली हाताशी असावी लागते. बऱ्याच व्हिडिओंमध्ये डेटाबेसचा रूट युजर बिनापासवर्ड ठेवलेला दाखवतात, ते अनुकरण करण्यासारखे नाही. सर्व्हरसाठी वेगळा युजर करावा आणि मारियाडीबी फक्त त्याच यंत्रावरून जोडणी घेईल अशी मांडणी ठेवावी.

पोर्टबाबत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खेळाचे पोर्ट ३०१२०, आणि फायरवॉलमध्ये ते टीसीपी व यूडीपी या जोडणीच्या दोन्ही प्रकारांसाठी उघडावे लागते. नुसते टीसीपी उघडले तर सर्व्हरची माहिती दिसते, पण खेळाडू आत येताना अडकतो आणि दोष त्याच्या इंटरनेटवर ढकलला जातो. पॅनेलचे ४०१२० मात्र सगळ्या जगासाठी उघडे ठेवू नये. आम्ही त्याच्यापुढे एनजिनएक्स (मध्यस्थ वेब सर्व्हर) आणि एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र ठेवले आहे. तेवढे जमत नसेल तर एसएसएच बोगद्यातून (सर्व्हरशी केलेल्या सुरक्षित जोडणीतून) पॅनेल उघडावे, मोबाईलवर टर्मक्स या टर्मिनलमधूनही ते होते.

नियोजित रिस्टार्ट ही पॅनेलची मला सर्वांत आवडणारी सोय आहे, परंतु ती घड्याळावर अवलंबून असते आणि भाड्याच्या व्हीपीएसचे घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असते. पहाटे ५ ला रिस्टार्ट व्हावा म्हणून ०५:०० लिहिले, तर तो आपल्याकडे सकाळी साडेदहाला होतो. म्हणून यंत्राचा टाइमझोन आधी आशिया/कोलकाता असा करावा. वेळ निवडताना शहरातली उदाहरणेही कामाची नाहीत. आमच्याकडे कृषिपंपांची लाईन रात्रपाळीत आली की ओलिताला गेलेली मुले रात्री दोन-तीनला घरी येऊन खेळात शिरतात, त्यामुळे इतरांना सोयीचा वाटणारा पहाटेचा रिस्टार्ट नेमका त्यांच्या खेळात येतो. आम्ही सकाळचे ७ निवडले. अर्धा तास आधीपासून पॅनेल खेळाडूंना सूचना देऊ लागते, आणि त्या सूचनांची वाक्ये स्वतःच्या भाषांतराच्या फाईलीतून देता येतात, म्हणून आमच्या सर्व्हरवर ती मराठीत येतात. चौकटीच्या इतर स्क्रिप्टमध्ये मात्र जिथे मजकूर खेळाच्या स्वतःच्या फाँटात काढला जातो, तिथे देवनागरी दिसत नाही.

आता अधिकारांबद्दल. टीएक्सअ‍ॅडमिनमध्ये प्रत्येक सहकाऱ्याला स्वतंत्र लॉगिन देता येते आणि प्रत्येकासमोर परवानग्यांची लांबलचक यादी टिकमार्कसह उघडते: ताकीद देणे, किक करणे (सर्व्हरबाहेर काढणे), बॅन करणे (प्रवेशबंदी घालणे), स्पेक्टेट करणे (अदृश्य राहून पाहणे), टेलिपोर्ट होणे (क्षणात दुसरीकडे जाणे), खेळाडूला बरे करणे, गाडी आणणे, सर्व्हर थांबवणे, कन्सोल (सर्व्हरला थेट आदेश देण्याची खिडकी) पाहणे, कन्सोलमध्ये लिहिणे, आणि अजून बरेच काही. मित्र आहेत म्हणून सगळ्यांना एकच लॉगिन देण्याची पद्धत अनेक सर्व्हरवर दिसते. तिचा तोटा असा की पॅनेलच्या नोंदीत सगळ्या कृती एकाच नावावर चढतात, आणि एखाद्याला विनाकारण बॅन केले गेले तर ते कोणी केले हे शेवटपर्यंत कळत नाही. ओळखीच्या मुलांमध्ये असा संशय खेळापुरता राहत नाही, तो चौकातल्या टपरीपर्यंत जातो.

यादीतल्या दोन परवानग्या दिसायला साध्या आणि द्यायला धोक्याच्या आहेत. कन्सोलमध्ये लिहिण्याची परवानगी ज्याला मिळाली, तो आदेश देऊन खेळातले हवे ते अधिकार स्वतःला बहाल करू शकतो, म्हणजे बाकीचे टिकमार्क काढून ठेवल्याला अर्थ उरत नाही. सीएफजी (सर्व्हरच्या सेटिंगच्या) फाईलच्या संपादकाची परवानगी दिली तर परवाना-किल्ली आणि डेटाबेसचा पासवर्ड त्याच्या डोळ्यांसमोर येतो, कारण दोन्ही त्याच फाईलीत लिहिलेले असतात. आमच्यात या दोन परवानग्या फक्त दोघांकडे आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत मी शेतात असलो की दुसरा मोकळा असतोच असे नाही, म्हणून सर्व्हर बंद-चालू करण्याची परवानगी आणखी एकाला दिली आहे, कन्सोलची मात्र नाही.

तांत्रिक धोका नसलेल्या परवानग्यांवर वाद जास्त झाले. आमचे अ‍ॅडमिन स्वतःही पात्रे घेऊन खेळतात. जो पोलिसाचे पात्र करतो त्याच्याकडे स्पेक्टेट असेल, तर टोळीची मुले कुठल्या गोदामात जमली आहेत हे तो अदृश्य राहून पाहू शकतो. तो तसे करत नसला, तरी छापा यशस्वी झाला की मेटागेमिंगचा (पात्राला ठाऊक नसलेली माहिती वापरल्याचा) आरोप होणारच. कबड्डीत पंचानेच चढाईला जावे तसा हा प्रकार होतो. त्यामुळे पोलीस आणि टोळीप्रमुख यांची पात्रे करणाऱ्यांकडून स्पेक्टेट व टेलिपोर्ट काढून घेतले, त्यांना ताकीद आणि किक एवढेच ठेवले. माझ्या आतेभावाने दुसऱ्याच दिवशी फोन केला, "भाऊ, माह्या लॉगिनवर बॅनचं बटनच दिसून नाही राहिलं." ते तसेच ठेवले आहे हे सांगितल्यावर तो काही दिवस रुसला, मग त्याने ठाणेदाराचे पात्र सोडून रुग्णालयातल्या डॉक्टरचे पात्र घेतले आणि परवानग्या परत मागितल्या. त्या त्याला दिल्या.

बॅनबाबत खेड्यातली एक अडचण शहरातल्या मार्गदर्शकांमध्ये सापडत नाही. बॅन करताना पॅनेल खेळाडूच्या रॉकस्टार खात्याच्या ओळखीबरोबर त्याच्या संगणकाच्या हार्डवेअरच्या खुणाही नोंदवते. ज्या घरात दोन भाऊ एकाच संगणकावर आपापल्या खात्याने खेळतात, तिथे थोरल्याने आरडीएम (विनाकारण दुसऱ्यांची पात्रे मारणे) केले तर धाकटाही बाहेर राहतो. किती खुणा जुळल्या तर अडवायचे हे सेटिंगमध्ये ठरवता येते, पण संगणकच एक असल्यावर तो आकडा बदलून फारसे साधत नाही. अशा घरांतल्या मुलांना आम्ही आधी ताकीद आणि मग दोन तासांपासून एका दिवसापर्यंतचा बॅन देतो, कायमचा बॅन दोन अ‍ॅडमिनांच्या संमतीशिवाय नाही. बॅनचे कारण खेळाडूला जोडणीच्या वेळी शब्दशः दिसते, म्हणून ते रागात लिहू नये. घटना, जागा आणि नियम एवढे पुरते.

बॅकअप घेताना डेटाबेसची प्रत घेतली म्हणजे सगळे आले, असे धरू नये. खेळाडूंचे पैसे, गाड्या आणि घरे मारियाडीबीत असतात, पण बॅन, ताकिदी आणि व्हाइटलिस्ट (प्रवेश मंजूर झालेल्यांची यादी) टीएक्सडेटा या फोल्डरमधल्या प्लेअर्सडीबी नावाच्या जेसन फाईलीत असतात आणि अ‍ॅडमिनांची यादी त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या फाईलीत. सर्व्हर नव्या व्हीपीएसवर हलवताना नुसता डेटाबेस नेला, तर सगळ्यांची संपत्ती जागच्या जागी राहते आणि बॅन झालेले सगळे परत आत येतात. आम्ही दोन्हींची प्रत रोज सकाळच्या रिस्टार्टनंतर आरसिंक या फाईली उतरवणाऱ्या आदेशाने घरच्या संगणकावर आणतो. मध्येच लाईन गेली तर अर्धवट राहिलेली फाईल पुढच्या वेळी तिथूनच पुढे उतरावी म्हणून पार्शल हा पर्याय लावलेला आहे.