ग्रासची जाई

ठाण्याजवळच्या एका सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत मी कच्चा माल तपासते. दिवसभर कागदाच्या पट्ट्या नाकाशी धरायच्या आणि वासातले घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या जीसी यंत्राचे आलेख वाचायचे, हे काम. जाईचा अर्क माझ्या टेबलावर बारा वर्षं येतोय, पण तो तमिळनाडूचा नाहीतर इजिप्तचा. ग्रासचा कधी आला नाही, कारण तो आम्हाला परवडतच नाही. ऑगस्टमध्ये आठ दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मला ग्रासला पाठवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खग्रास ऐकलंय, नुसतं ग्रास नाही ऐकलं."

फ्रान्सच्या दक्षिणेला, कान शहरापासून अर्ध्या तासावर, डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं हे गाव. घरं पिवळी-गुलाबी, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतल्या बाईने हात पुढे केला तर वाटी देता येईल. आज सगळीकडे अत्तराच्या पाट्या दिसतात, पण या गावाची मूळ कीर्ती दुर्गंधीची. मध्ययुगात इथे कातडं कमावायचे. गावातल्या फू झऱ्याचं पाणी, त्याकाठी चर्मकारांची वस्ती आणि सगळीकडे घाण वास. पुढे श्रीमंतांना सुगंधी हातमोजे हवेसे झाले, म्हणून कातड्याला फुलांचा वास द्यायला सुरुवात झाली. नंतर कातड्यावर कर वाढले, तो धंदा बसला आणि वास तेवढा मागे राहिला. वासावर पोट भरणाऱ्या मला हे फार आवडलं.

जाईची शेतं गावात नाहीत, ती खाली पेगोमासच्या सपाटीवर. तीही थोडकीच, कारण समुद्रकिनारा जवळ, जमिनीला सोन्याचा भाव आणि फुलांपेक्षा बंगले जास्त पिकतात. सकाळी सहाला आम्ही पोचलो तेव्हा ऊन पडायचं होतं. कमरेएवढी झुडपं, ओळीत. माझ्यासाठी ती परकी नव्हतीच. जास्मिनम ग्रँडिफ्लोरम, म्हणजे आमच्या चिपळूणच्या अंगणातली जाई. इथे तिला थंडी सोसवत नाही म्हणून दुसऱ्या काटक जातीच्या बुंध्यावर कलम करतात आणि हिवाळ्यात बुडाशी मातीची भर घालतात.

वेताची टोपली कमरेला बांधून दिली. शेजारच्या ओळीत साठीच्या एक बाई होत्या, मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणू लागले. त्यांचे दोन्ही हात एकाच वेळी चालत होते, अंगठा आणि तर्जनीने फूल अलगद सुटायचं, मुठीत साठायचं आणि मूठ भरली की टोपलीत. मीही लहानपणी आजीबरोबर जाई खुडलेली! म्हटलं, दाखवू यांना. दीड तासात टोपली चांगली भरली.

शेताच्या मालकीणबाईंनी टोपली कापडावर ओतली आणि काही न बोलता निवडायला बसल्या. एकीकडे फुलं, एकीकडे कळ्या. कळ्यांचा ढीग मोठा. दुभाषी सहकाऱ्याने हळूच सांगितलं, "त्या म्हणताहेत, या अजून झोपल्या आहेत."

मेले लाजेने. आजीचा हात कळीवरच जायचा, कारण तिला गजरा करायचा असायचा. कळी संध्याकाळी खुडायची, ती रात्री अंबाड्यात फुलते. इथे मात्र फूल थेट कारखान्यात जातं, वास विरघळवून घेणाऱ्या हेक्झेन या द्रावकात बुडतं आणि तिथेच मरतं. मिटलेल्या कळीत वास तयारच झालेला नसतो, मग द्रावक काढणार काय? हेक्झेन उडवल्यावर मेणासारखा गोळा उरतो, त्याला हे लोक काँक्रीट म्हणतात (सिमेंटचा संबंध नाही). तो अल्कोहोलने धुतला की अर्क. एका किलो फुलांना आठ हजारांच्या आसपास फुलं लागतात आणि एका किलो अर्काला सहाशे किलोंहून जास्त फुलं. बारा वर्षं हा हिशेब मी कागदावर करत आले होते, त्या दिवशी बोटांना कळला.

निवडल्यावर माझी फुलं भरली ३१० ग्रॅम, मावशींची किलोभर. वजनाची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

दुपारी गावातल्या अत्तराच्या संग्रहालयात गेलो. तिथे एका दालनात लाकडी चौकटी ठेवल्या होत्या, मध्ये काच. काचेवर प्राण्याची चरबी सारवायची, तिच्यावर जाईची फुलं पालथी घालायची, दुसऱ्या दिवशी ती काढून ताजी घालायची. जाई खुडल्यावरही दिवसभर वास देत राहते आणि चरबी तो पिते. सहकारी मन लावून ऐकत होता. मला समोर आजीचं उशीचं अभ्रं दिसत होतं. खोबरेल तेलाने चपचपीत केस, त्यात रात्रभर गजरा, आणि सकाळी तिच्या केसांना, अभ्र्याला, वेणीच्या काळ्या दोऱ्यालासुद्धा जाईचा वास. चमेलीचं तेल करायलाही तिळात फुलांचे थर लावतात, त्यातली युक्ती तीच. ग्रासला जाऊन मला आमच्या घरातली पद्धत काचेमागे बघायला मिळाली.

फेटाळलेल्या कळ्या मालकीणबाई टाकून देणार होत्या. मी मागितल्या. त्या हसल्या आणि ओंजळभर माझ्या रुमालात घातल्या. हॉटेलातल्या खोलीत बशीत पाण्याचा हबका मारून ठेवल्या आणि झोपले. रात्री अकराला जाग आली ती वासाने. सगळ्या फुलल्या होत्या. त्या वासात खाली दडलेला इंडोल या घटकाचा किंचित कुबट, डांबरगोळीसारखा सूर आलेखात नेहमी एक टोकदार शिखर म्हणून दिसतो. तो इतका चढला की मला उठून खिडकी उघडावी लागली.