चार शिलिंग हजेरीचे, आठ शिलिंग परीक्षेचे

नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात घालवली. हजेरीपट, पगारपत्रकं, अनुदानाचे हिशेब. त्यामुळे लेकीकडे इंग्लंडात आल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शाळांविषयी वाचायला घेतलं, तेव्हा सगळ्यांची नजर जिथे जाते तिथे माझी गेलीच नाही. हातावर बसणारी छडी, कोपऱ्यात उभं केलेलं पोर, त्याच्या डोक्यावरची शंकूसारखी टोपी, हे सगळं होतंच. मी मात्र शोधत होते ते हे की, या शाळेला पैसे कोण देत होतं आणि कशाच्या बदल्यात?

त्याचं उत्तर १८६२ सालच्या 'रिव्हाइज्ड कोड' नावाच्या नियमावलीत आहे. ती आणली तेव्हा सरकारात शिक्षणाचं काम पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांनी. सरकारी शिक्षणखर्च वाढत चालला होता आणि मुलं धड वाचायलासुद्धा शिकत नाहीत अशी ओरड होती. लो यांनी संसदेत सांगितलं त्याचा मतलब असा, की ही पद्धत स्वस्त पडली नाही तर निदान कामाची ठरेल, आणि कामाची ठरली नाही तर निदान स्वस्त पडेल. अर्थखात्यात शोभावं असं वाक्य. पुढे ते खरोखरच अर्थमंत्री झाले.

नियम असा. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरचं जे मूल वर्षात दोनशेहून जास्त वेळा हजर असेल, त्याची परीक्षा घ्यायची आणि त्यापोटी ८ शिलिंग द्यायचे. सकाळची हजेरी एक, दुपारची दुसरी, म्हणजे दोनशे हजेऱ्या म्हणजे शंभर दिवस. परीक्षेचे विषय तीन: वाचन, लेखन, अंकगणित. ज्या विषयात मूल नापास, त्या विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे (१२ पेन्सांचा एक शिलिंग). तिन्हीत नापास झालं की आठच्या आठ शिलिंग गेले. बऱ्याच ठिकाणी मास्तरांचा पगारही या अनुदानाला बांधलेला असे.

हे वाचलं आणि मला बाकीची शाळा आपोआप समजायला लागली. एकच धडा वर्षभर घोकून का घेत, मंद मुलावर मास्तर इतके का खेकसत, भूगोल-इतिहासाला कुणी विचारत का नसे. त्या विषयांचे पैसेच नव्हते! नंतर काही वर्षांनी त्यांनाही थोडं अनुदान मिळू लागलं, पण सुरुवातीची घडी बसली ती बसलीच.

परीक्षेला इन्स्पेक्टर यायचा. ऑडिट पार्टी येणार म्हटलं की आमच्या कार्यालयात आठवडाभर आधीपासून फायलींवरची धूळ झटकली जायची आणि एरवी न दिसणारी माणसं जागेवर दिसायची. तिथेही तेच, फक्त फायलींच्या जागी मुलं होती. कपडे स्वच्छ, नखं कापलेली, बूट असतील तर पुसलेले. आजारी पोरालासुद्धा उचलून आणत, कारण गैरहजर मूल म्हणजे बुडालेले आठ शिलिंग. पहिल्या इयत्तेला, म्हणजे 'स्टँडर्ड वन'ला, एकाक्षरी शब्दांची गोष्ट वाचायची आणि वीसपर्यंतचे आकडे लिहायचे. सहाव्या स्टँडर्डला वर्तमानपत्रातला उतारा वाचायचा आणि दुसरा एक ऐकून लिहायचा. बस्स, इथे शिक्षण संपलं.

मुलं वाचनाचं पुस्तक तोंडपाठ करून यायची. मॅथ्यू अर्नल्ड हे कवी म्हणून आपल्याकडच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना माहीत असतात, पण पोटासाठी त्यांनी तब्बल पस्तीस वर्षं, १८५१ ते १८८६, शाळा तपासल्या. त्यांनी अहवालातच लिहून ठेवलं, की हुशारीने तयारी करून घेतली तर लिहिता-वाचता न येणारी मुलंही या परीक्षेत पास करता येतात. सरकारी नोकरीत राहून सरकारी योजनेवर असं लिहायला काय लागतं ते मला माहीत आहे. या माणसाच्या कविता मी फारशा वाचलेल्या नाहीत, पण त्यांच्या अहवालांवर माझा जीव जडला आहे.

याच कोडाने मुख्याध्यापकांना लॉगबुक ठेवणं सक्तीचं केलं. त्यात काय लिहायचं हे जसं सांगितलं, तसं काय लिहायचं नाही हेही: कोणत्याही सर्वसाधारण स्वरूपाची मतं किंवा विचार नोंदवायचे नाहीत. नुसत्या घटना. अशा बऱ्याच वह्या आज छापील स्वरूपात वाचायला मिळतात आणि त्यांचा छंद लागतो. आज पाऊस, हजेरी कमी. गोवर. खोकला. बटाटे काढायला पोरं शेतावर. कापणी लांबली म्हणून सुट्टी वाढवली. केंटच्या बाजूला सप्टेंबरात हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांची, तोडणी सुरू झाली की लंडनच्या पूर्व भागातली कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे जात, मुलांसकट. पेरणीच्या दिवसांत लहान पोरांना पाखरं हाकायला पाठवत. मत लिहायला बंदी असली तरी मास्तरांची चिडचिड दोन ओळींच्या मधून बरोबर ऐकू येते. हजेरी कमी म्हणजे पगार कमी, आणि पाखरं तर थांबणार नाहीत.

आता थोडं मागे जाते, कारण ही सगळी काटकसर १८६२ च्या आधीपासूनची आहे. हार्टफर्डशायरमध्ये हिचिन नावाच्या गावात १८३७ चा, म्हणजे राणी गादीवर बसली त्याच वर्षाचा, एक शाळेचा हॉल जपून ठेवलेला आहे. एक खोली, तीनशे मुलगे आणि मास्तर एक. मास्तर शिकवायचे मोठ्या मुलांना, ती मुलं 'मॉनिटर' होऊन लहानांना शिकवायची. पुस्तकं परवडत नसत म्हणून धडे पुठ्ठ्यावर छापून भिंतीला टांगायचे आणि त्यांच्यापुढे अर्धवर्तुळात मुलं उभी करायची. एका पुठ्ठ्यात अख्खा घोळका शिकतो! खर्चाच्या बाजूने पाहिलं तर बिनतोड.

या पद्धतीचे दोन जनक. एक जोसेफ लँकेस्टर, लंडनमधले. दुसरे अँड्र्यू बेल, आणि त्यांचा धागा थेट मद्रासपर्यंत येतो. एग्मोरला लष्करी लोकांच्या अनाथ मुलांसाठीच्या शाळेचे ते प्रमुख होते. तिथल्या देशी शाळेतली पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत सुरू केली. मास्तर तयार होईनात तेव्हा मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं. १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. मग इंग्लंडच्या गरीब शाळांमध्ये खालच्या वर्गांना वाळूचे ट्रे आले. आमच्या आजोबांनी धूळपाटीवर मुळाक्षरं गिरवली हे ऐकत मी मोठी झाले. तोच प्रकार इंग्लंडातल्या मजुरांची पोरं 'मद्रास पद्धत' म्हणून करत होती, हे मला साठीनंतर कळलं.

वाळूनंतर दगडी पाटी. ती वेल्सच्या खाणींतली. पाटीवर पेन्सिल कर्कश्श वाजायची, आणि पुसायला थुंकी आणि बाही. सगळ्या जगातली पोरं या बाबतीत एक. शाई त्याच्याही नंतर. बाकाच्या भोकात बसवलेल्या चिनी मातीच्या दौतीत मॉनिटर शाई ओतून जायचा, आणि कित्त्यात डाग पडला की मार. डावखुऱ्या मुलांना उजव्या हातानेच लिहायला लावत.

गणिताबद्दल मात्र मला त्या पोरांचं कौतुक वाटतं. ४ फार्दिंगचा पेनी, १२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. साडेपाच यार्डांचा एक पोल, ४० पोलांचा एक फर्लांग, ८ फर्लांगांचा मैल. आमच्या पिढीला दशमान पद्धतीने फार लाडावून ठेवलं. उदाहरणार्थ, ३७ मुलं एकेका विषयात नापास झाली तर शाळेचं नुकसान किती? २ शिलिंग ८ पेन्स गुणिले ३७. मी कागदावर केलं: ४ पौंड १८ शिलिंग ८ पेन्स. दहा-अकरा वर्षांचं पोर हे पाटीवर करायचं.

मॉनिटरांची जागा १८४६ नंतर 'प्युपिल टीचर' घेऊ लागले. वय तेरा पूर्ण, मुदत पाच वर्षं. दिवसभर वर्गाला शिकवायचं आणि शाळेच्या वेळेबाहेर हेडमास्तरांकडे स्वतः शिकायचं. पहिल्या वर्षी १० पौंड, पाचव्या वर्षी २०. गरीब घरातल्या हुशार मुलीला गिरणी आणि धुणीभांडी सोडून जाता येईल अशा फार थोड्या वाटा होत्या, त्यातली ही एक. तेरा वर्षांची मुलगी पन्नास पोरांपुढे उभी राहून काय शिकवत असेल, असं लोक म्हणतात. मला वाटतं, घरी धाकटी भावंडं सांभाळलेल्या मुलीला वर्ग सांभाळणं फार जड गेलं नसावं.

मुलींना शिवण सक्तीचं होतं, त्याशिवाय अनुदान नाही. दुपार टाके घालण्यात जायची. गणित मात्र त्यांना कमी कठीण. शिवाय सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस, त्या दिवशी मोठी मुलगी घरी. सोमवारीच आठवड्याची फी गोळा व्हायची, साधारण पेनी-दोन पेनी. ज्या घरात चार पोरं, तिथे तो हिशेब आईच करत असणार. सरसकट मोफत शिक्षणासाठी १८९१ उजाडावं लागलं.

याहून गरीब मुलांसाठी 'रॅगेड स्कूल'. फाटक्या कपड्यांत, अनवाणी आलं तरी चालेल, फी नाही. १८४४ मध्ये अशा शाळांची संघटना झाली. डॉ. बर्नार्डोंनी लंडनच्या पूर्व भागात कालव्याकाठच्या गोदामांमध्ये १८७७ साली उघडलेली शाळा आज संग्रहालय आहे. तिथे पोटात काही पडल्याशिवाय डोक्यात काही जात नाही हे ओळखून मुलांना खाऊही घालत. ईटन-हॅरो या बड्या घरच्या मुलांच्या शाळांविषयी मी लिहीत नाही. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझ्या मते सगळ्यात संतापजनक कागद कारखान्यातल्या पोरांचे. १८३३ च्या कायद्याने नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना कामाबरोबर रोज दोन तास शाळा सक्तीची झाली, आणि ती भरली म्हणून मास्तरांचा दाखला कारखान्यात लागायचा. पुढे तपासात काय दिसावं? काही दाखल्यांवर सहीच्या जागी फुली. मास्तरांना स्वतःलाच लिहिता येत नव्हतं! म्हणून १८४४ च्या कायद्यात लिहावं लागलं की दाखल्यावरचे आकडे मास्तरांनी स्वतःच्या हस्ताक्षरात भरावेत आणि पूर्ण नावाने सही करावी. नियमावलीतली प्रत्येक विचित्र अट कुणाच्या तरी लबाडीमुळे जन्माला येते, हे आमच्या खात्यातलं जुनं ज्ञान. त्याच कायद्याने आठ वर्षांच्या मुलाला अर्धा दिवस कारखाना आणि अर्धा दिवस शाळा अशी वाटणी करून दिली. पहाटे गिरणीत जाऊन आलेलं पोर दुपारी बाकावर झोपायचं.

वेल्समधला प्रकार वेगळा. शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की तुकडा त्याच्याकडे. दिवसअखेर ज्याच्या गळ्यात तो, त्याला मार. हा सरकारी नियम नव्हता, गावोगावचे मास्तर आपल्या मनाने करत, आणि पुष्कळ आईबापांनाही पोराला इंग्रजी यावं असंच वाटत होतं. नंतर कोडाचे पैसेही इंग्रजी वाचनालाच. आपल्या भाषेत बोलणाऱ्या मैत्रिणीची चहाडी करायला शिकवणारी ही युक्ती, मला छडीपेक्षा वाईट वाटते.

१८७० च्या फॉर्स्टर कायद्याने ठिकठिकाणी स्कूल बोर्डं, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक मंडळं, आली. लंडनमध्ये त्यांच्या उंच लाल विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत, दारांवर 'बॉइज', 'गर्ल्स', 'इन्फंट्स' असं कोरलेलं. १८८० पासून दहा वर्षांपर्यंत शाळा सगळीकडे सक्तीची झाली. निकालावर पैसे देणं १८९० च्या दशकात हळूहळू बंद पडलं.

पण १८७६ च्या कायद्यातली एक तरतूद वाचून मी एकटीच हसत बसले. दहा वर्षांच्या मुलाला शाळा सोडून कामाला जायचं असेल तर दोन रस्ते. एक, चौथं स्टँडर्ड पास हो. म्हणजे हुशार पोर लवकर सुटलं आणि लवकर कामाला जुंपलं गेलं. दुसरा रस्ता ज्याला ते जमणार नाही त्याच्यासाठी: पाच वर्षं, दर वर्षी अडीचशे हजेऱ्या. काही आलं नाही तरी चालेल, नुसता येऊन बसलास एवढं पुरे. या दाखल्याला लोक 'डन्सचा पास' म्हणत, ढब्बूंचा परवाना. शिकलास तर सुटशील, नाही शिकलास तरी सुटशील, फक्त हजेरीपटावर खाडाखोड नको.