कोपराच्या वर चार बोटं

बावीस वर्षं मी भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचेच ब्लाउज घातले. उजव्या कोपरापाशी कोड आहे म्हणून. लग्नाआधी एका नातेवाईक बाईंनी माझ्या हातचं पाणी नाकारलं होतं. ते मनातून गेलंच नाही. खरं तर कोड संसर्गाने होत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्या जागेच्या रंगपेशी नष्ट होतात, एवढंच.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिथे मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, नाही; कातडी उन्हाने लवकर भाजते. रोज सनस्क्रीन लावा." लावायचं म्हणजे बघणं आलं. आजवर त्या जागेला हात लागायचा तो आंघोळीत, तोही नजर चुकवून. आता सकाळी खिडकीपाशी बसून सावकाश चोळते. डागाची कड खाडीच्या काठासारखी नागमोडी आहे. मधली लव पांढरी, अगदी मऊ. रात्री खोबरेल. आपल्याच हाताशी इतकी वर्षं अबोला धरला, याचं फार वाईट वाटलं.

परवा शिवणाऱ्या ताईंनी टेप लावत विचारलं, "बाही नेहमीसारखीच ना?"

"नको. कोपराच्या वर चार बोटं ठेवा."

त्यांनी वहीत आकडा लिहिला. ब्लाउज मंगळवारी मिळेल, जांभळ्या खणाचा.