एकट्या घोड्याची मात

कुडाळला झालेल्या एका खुल्या जलद बुद्धिबळ स्पर्धेत मी पंच होतो. प्रत्येकी १५ मिनिटे आणि खेळीमागे वाढीव सेकंद नाहीत, असे स्वरूप असल्यामुळे वाद व्हायचे ते शेवटच्या मिनिटातच होणार, हे ठाऊक होते.

एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पांढरी मोहरी घेऊन बारावीतल्या एका मुलाशी खेळत होते. मधल्या डावात सांगण्यासारखे फारसे नाही. अखेरीस पांढऱ्याकडे राजा आणि एच पट्टीत, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेत, सहाव्या घरापर्यंत पोहोचलेले प्यादे, तर काळ्याकडे राजा आणि घोडा एवढेच उरले. गृहस्थांचा हात प्याद्याकडे जात असतानाच त्यांच्या घड्याळात शून्य आले. जलद डावात वेळ संपल्याचे दिसले तर पंचाने ते स्वतःहून सांगायचे असते, म्हणून मी घड्याळ थांबवून काळ्याचा विजय जाहीर केला.

"एकट्या घोड्यान मात कशी होतली? बरोबरी द्या," गृहस्थ म्हणाले, आणि भोवती जमलेल्यांनाही ते पटलेले दिसले.

फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमानुसार वेळ संपलेला खेळाडू हरतो. मात्र नियमात बसणाऱ्या कोणत्याही खेळ्यांनी प्रतिस्पर्ध्याला मात करताच येणार नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. त्या खेळ्या शहाणपणाच्या असाव्यात, अशी अट नाही. मी शेजारच्या रिकाम्या पटावर पांढरा राजा एच८ वर (एच पट्टीतले आठवे घर), त्याचेच प्यादे एच७ वर, काळा राजा एफ८ वर आणि घोडा जी६ वर ठेवला. घोड्याचा शह बसतो, काळा राजा जी७ आणि जी८ अडवतो आणि एच७ स्वतःच्याच प्याद्याने बंद होते. असे कोणी मुद्दाम खेळणार नाही, हे खरे. तरीही हा नियम मला योग्य वाटतो, कारण नाहीतर कोणाची बाजू वरचढ होती हे पंचाने ठरवायचे, आणि अशा स्पर्धांत निम्मे खेळाडू पंचापेक्षा बरे खेळतात.

गृहस्थ बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. मग शेवटच्या घरात पोहोचून प्याद्याचा वजीर झाल्यावर वेळ संपली असती तर काय, असे त्यांनी विचारले. तर बरोबरीच मिळाली असती, कारण पटावर पांढरा वजीर असताना काळ्याच्या एकट्या घोड्याला कोणत्याही क्रमाने मात साधत नाही. वजिराऐवजी हत्ती केला असता तर मात्र त्यांचा पराभव टळला नसता. हे उत्तर त्यांना मूळ निर्णयाहूनही चमत्कारिक वाटले. त्यांनी निकालपत्रावर सही केली आणि हत्तीची ती मात दाखवा, म्हणून मला पुन्हा त्या पटाशी बसवले.