आमची वाटचाल : चर्चा पानावरचा धंदा

जून २०१४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने अट घातली : पैसे घेऊन लेखांचं संपादन करत असाल तर कुणासाठी करता ते जाहीर करा. लाइनीतल्या बाकीच्यांना ती कटकट वाटली, मला त्यात धंदा दिसला. सदाशिव पेठेत एक खोली, दोन खुर्च्या, एक जाड वही. सदस्यपानावर गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं. लेखाला हात लावायचा नाही. लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे बदलांवर बोलायच्या जोडपानावर, संदर्भासकट विनंती ठेवायची, वहीत तारीख-वेळ मांडायची आणि गप्प बसायचं.

पुढच्याच वर्षी ऑगस्टअखेर इंग्रजी विकिपीडियावर ‘ऑरेंजमूडी’ प्रकरण फुटलं. लेखांचे नाकारलेले मसुदे हेरून त्या-त्या कंपन्यांकडून पैसे उकळणारी टोळी. ३८१ खाती बंद झाली. संशयाचं वारं सगळीकडेच होतं. त्याच सुमारास आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक एकाने पळवलं. म्हणे आठ दिवसांत पान, गॅरंटीसह! पान आलंही, बनावट खात्यांनी रंगवलेलं, आणि महिन्यात उडालं. चौकशीत त्या कंपनीशी जोडलेलं उघड नाव एकच निघालं. आमचं. पाटी लावून बसलेलाच सापडतो, दुसरं काय! सात आठवडे खातं बंद. पानाच्या इतिहासातला एकेक बदल वहीशी ताडून दाखवला, तेव्हा सुटलो. तोवर पाच गिऱ्हाइकं गेली होती. ते गृहस्थ अजून कार्डावर ‘तज्ज्ञ’ छापतात. असो.

तगलो ते कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवाल्या अण्णांमुळे. त्यांच्या लेखात स्थापना १९८२ पडली होती, खरी १९७२. अण्णांनी कारखान्याच्या दारावरची ओतीव पाटी दाखवली. म्हटलं, ही चालत नाही, छापील हवं. करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या वर्तमानपत्रांची बाडं दोन दिवस उपसली, उद्घाटनाची चार ओळींची बातमी मिळाली. विनंती रांगेत पडून राहिली. दर सोमवारी फोन, “काय वो, हलला का दगड?” खातं बंद झाल्यावरही पैसे येतच राहिले. मी नको म्हटलं तर म्हणाले, “खातं बंद हाय, तुम्ही बंद न्हाई न्हवं?”

पुढची वर्षं बरी गेली. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या पोरांनो, मसुद्यात ‘अग्रगण्य’ दिसलं की आधी खोडा. आणि पैसे कामाचे घ्या, पानाचे नको.

अण्णांचा बदल पाचव्या महिन्यात मान्य झाला. आठाचा सात. बिलावर मी तेवढंच लिहिलं : ‘एक अंक दुरुस्ती’.