कूलरच्या हवेत ग्रिन्यार

एप्रिल संपत आला की परभणीत पारा बेचाळिशी गाठतो, आणि डायइथिल ईथर उकळतं 34.6 अंशांना. बाटलीचं बूच काढलं की ते उडायलाच बसलेलं. तरी एम.एस्सी.च्या सेमिनारला ग्रिन्यार अभिक्रिया (कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियमपासून अभिकर्मक बनवायचा आणि तो कीटोनशी जोडायचा) करून दाखवायची ठरली, कारण विषयच होता जर्मन आणि फ्रेंच केमिकल सोसायट्या मिळून देतात ते विटिग–ग्रिन्यार व्याख्यान-पारितोषिक. एका देशातल्या रसायनशास्त्रज्ञाचा मान दुसऱ्या देशाने करायचा, नावंही दोन्हीकडची. ग्रिन्यार यांचं नोबेल 1912 चं, विटिग यांचं 1979 चं. (मुलं ‘ग्रिगनार्ड’ म्हणतात, पेपरात तेही चालतं.)

बेत साधा होता, ट्रायफिनाइलमेथॅनॉल बनवायचं. मॅग्नेशियमचा कीस 2.5 ग्रॅम, ब्रोमोबेंझिन 10.5 मिली, सोडियमच्या तारेवर वाळवलेलं ईथर 50 मिली, आयोडीनचा एक खडा. कंडेन्सरच्या तोंडाला हवेतला ओलावा अडवायला कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहासारखं गरम येतं, त्याने ईथरची वाफ काय थंड होणार? म्हणून बादलीत बर्फ टाकून जुन्या कूलरचा पंप कंडेन्सरला जोडला. काचेचं सामान रात्रभर 110 अंशांच्या ओव्हनमध्ये होतं. ईथर उघडण्याआधी ओव्हन बंद केला.

अकरा वाजता सुरुवात केली. आयोडीनचा तपकिरी रंग तसाच. बुडबुडा नाही, गढूळपणा नाही. तळहाताने फ्लास्क ऊबवला, काचेच्या कांडीने कीस खरवडला, आणखी एक खडा टाकला. पाऊण तास गेला.

कारण सापडलं ते नरसाळ्यावर. ईथर ओतताना त्याच्या काठावर बारीक दव धरलं होतं. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, पण खिडकीत वाळ्याचा कूलर. तो लॅबमध्ये ओलावाच ओतत होता. ईथर उडताना काच गार पडते आणि तो ओलावा तिच्यावर बसतो. त्यात लॅब सांभाळणाऱ्या मामांनी ओव्हनमधली भांडी डेसिकेटरऐवजी (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) कूलरसमोर निववली होती. खात्रीसाठी वॉच ग्लासवर चिमूटभर पांढरं, निर्जल मोरचूद कूलरपुढे ठेवलं. अर्ध्या तासात कडा निळसर, म्हणजे ओलावा होताच.

“मामा, कूलर बंद करा.”

“सर, लेकरं उकडून मरतील की!”

खरंच होतं. वर कूलर बंद केला तर खोली अडतीसवर जाणार आणि ईथर बाटलीतच उकळणार. चालू ठेवला तर ओलावा, शिवाय मोटरची ठिणगी. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत स्विचपर्यंत जाते. हिशेबही बघा: पाण्याचे चार थेंब, म्हणजे 0.18 ग्रॅमच्या आसपास, 0.1 मोल अभिकर्मकातला दहावा हिस्सा खातात आणि बदल्यात नुसतं बेंझिन देतात. सुरू व्हायच्या आधी तर त्याहून कमी ओलावाही अभिक्रिया अडवून धरतो. प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी सातवर ढकलला.

सकाळी खोली 28 अंश, कूलर बंद, काच डेसिकेटरमधून थेट जोडणीत, कीस कोरड्या खलात जरा चुरडलेला. ब्रोमोबेंझिन आधी फक्त मिलीभर. सहा-सात मिनिटांत आयोडीनचा रंग गेला, किसाच्या कडेने राखाडी धूसरपणा उठला आणि ईथर आपोआप उकळू लागलं. आता घाई करायची नाही: उरलेलं ब्रोमोबेंझिन ईथरमध्ये मिसळून अर्ध्या तासात थेंबथेंब. भसकन ओतलं की बायफिनाइल हा नको असलेला उपपदार्थ जास्त होतो आणि फ्लास्क आवरत नाही. बर्फाचं भांडं खाली तयारच हवं.

बार्बिए सगळं एकाच भांड्यात टाकत; त्यांचे शिष्य ग्रिन्यार यांनी 1900 मध्ये अभिकर्मक आधी वेगळा बनवला, कीटोन नंतर घातलं. आम्हीही तसंच केलं. 16 ग्रॅम बेंझोफिनोन ईथरमध्ये विरघळवून सोडलं तेव्हा क्षणभर गुलाबी-लाल रंग चमकला, आणि मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली. मग बर्फ, अमोनियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण. पेट्रोलियम ईथरने धुऊन बायफिनाइल काढलं. वाळवलेले पांढरे स्फटिक 161–162 अंशांना वितळले. ट्रायफिनाइलमेथॅनॉलच. सेमिनार साडेदहाला सुरू झाला, तोवर कूलर परत लावला होता.